मधल्या डिफरन्शियलचा लॉक : चालक आणि यंत्र यांच्यातील एका वादाचा इतिहास

चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणाऱ्या वाहनांचा इतिहास सामान्यतः इंजिनांच्या, युद्धांच्या आणि साहसी मोहिमांच्या अंगाने लिहिला जातो. पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये बसवलेल्या डिफरन्शियलला आणि त्याची हालचाल थांबवणाऱ्या लॉकला त्यात क्वचितच जागा मिळते. वास्तविक या लॉकचा ताबा कोणाकडे असावा, हा प्रश्न गेल्या शंभराहून अधिक वर्षांत निरनिराळ्या देशांतील कारखान्यांनी वारंवार सोडवला आणि प्रत्येक वेळी वेगळ्या रीतीने सोडवला. कधी तो लिव्हरच्या रूपाने चालकाच्या हाती दिला गेला, कधी आपोआप चालणाऱ्या यंत्रणेकडे सोपवला गेला, तर कधी यंत्रणा गाडीत शाबूत ठेवून केवळ तिचा स्विच गाळला गेला. असा गाळलेला स्विच पुढे गाडीमालकांनी स्वतः बसवून घेण्याची जी प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली, ती या दीर्घ वादाचाच एक भाग आहे.

डिफरन्शियल म्हणजे एका शाफ्टवरून आलेली शक्ती दोन शाफ्टांत वाटणारी आणि त्या दोहोंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची जोडणी. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा लांबचे अंतर कापावे लागते, आणि दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असतील तर त्यांपैकी एकाला रस्त्यावर घासत जावे लागते. ही अडचण दूर करण्यासाठी ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीकरिता डिफरन्शियलचे पेटंट घेतले. पुढे मोटारींच्या मागच्या एक्सलमध्ये ही जोडणी सर्वत्र रूढ झाली. मात्र पुढच्या चाकांनाही शक्ती द्यायची ठरल्यावर तीच अडचण निराळ्या दिशेने पुन्हा उभी राहिली, कारण वळणावर पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल यांचेही मार्ग समान लांबीचे नसतात. दोन एक्सलमधील अंतर २.५४ मीटर असलेली गाडी अशा वळणावर आहे की तिच्या मागच्या एक्सलचा मध्यबिंदू ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालतो, असे धरले, तर पुढच्या एक्सलचा मध्यबिंदू सुमारे ६.५ मीटर त्रिज्येवर चालतो. म्हणजे काटकोनातील एका वळणात पुढच्या एक्सलला सुमारे ८० सेंटिमीटर अंतर जास्त कापावे लागते. चिखलात किंवा वाळूत ही तफावत चाके थोडी घसरून भरून काढतात, परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर ती शाफ्टांत पीळ होऊन साठत जाते, सुकाणू जड होते, टायर झिजतात आणि अखेर एखादा जॉइंट किंवा गिअर तुटतो.

दोन एक्सलच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल बसवल्यास हा पीळ राहत नाही. परंतु त्या उपायाबरोबर एक नवा दोष येतो. साधे डिफरन्शियल दोन्ही बाजूंना ठरावीक प्रमाणात, बहुधा समसमान, पीळबल देते, आणि म्हणून ज्या बाजूला पकड सर्वांत कमी असेल त्या बाजूच्या मर्यादेतच दुसऱ्या बाजूलाही बळ मिळते. तिन्ही डिफरन्शियल साधी असलेल्या गाडीचे एकच चाक खड्ड्यावर अधांतरी राहिले, तरी ते एकटे चाक गरगर फिरत राहते आणि उरलेल्या तीन चाकांखाली कोरडी जमीन असूनही गाडी जागची हलत नाही. मधल्या डिफरन्शियलचा लॉक हा या दोषावरचा उतारा होय. एक सरकणारी दातेरी कडी पुढे जाणारा आणि मागे जाणारा असे दोन्ही शाफ्ट एकमेकांत अडकवते, दोन्ही एक्सल एकाच गतीने फिरू लागतात आणि ज्या एक्सलखाली पकड आहे त्याला इंजिनाचे बळ मिळते. चालू लॉक डांबरावर नुकसान करतो आणि बंद लॉक चिखलात गाडी अडकवतो. त्यामुळे तो केव्हा लावावा आणि केव्हा काढावा, याचा निर्णय कोणाला तरी घ्यावाच लागतो.

या निर्णयाची गरज फार आधीपासून दिसते. ब्रामा जोसेफ डिप्लॉक या इंग्रज अभियंत्याने १८९३ मध्ये वाफेच्या ओढइंजिनासाठी चारही चाकांना शक्ती देणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले, तेव्हा त्यात तीन डिफरन्शियलांचा समावेश होता. १९०३ मध्ये हॉलंडमधील स्पायकर बंधूंच्या कारखान्याने चारही चाके चालवणारी सहा सिलिंडरांची मोटार पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली, परंतु अशा वाहनांना खरा बाजार मिळाला तो अमेरिकेतील कच्च्या रस्त्यांवर आणि पहिल्या महायुद्धाच्या चिखलात. विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल या छोट्या गावात ऑटो झॅको आणि विल्यम बेसरडिक या मेहुण्यांनी उभ्या केलेल्या एफडब्ल्यूडी कंपनीचे मालट्रक अमेरिकी आणि ब्रिटिश सैन्याने हजारोंच्या संख्येने घेतले. त्यांत चारही चाके कायम चालत आणि मधले डिफरन्शियल लॉक करण्याची सोय होती. त्याच राज्यातील केनोशा येथे तयार होणाऱ्या जेफरी क्वाड या ट्रकने एक्सलमधील स्वतःहून अडकणाऱ्या डिफरन्शियलांचा मार्ग स्वीकारला. चालकाने लावायचा लॉक आणि आपोआप लागणारा लॉक हे दोन पक्ष अशा रीतीने पहिल्या महायुद्धातच समोरासमोर आले होते.

दुसऱ्या महायुद्धातील जीपने हा वाद मधले डिफरन्शियलच काढून टाकून बाजूला सारला. विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या, आणि त्या सर्वांत पुढचा एक्सल केवळ गरज पडल्यावर लिव्हरने जोडायचा, एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालवायची, अशी व्यवस्था होती. तिला पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात. रचना हलकी, स्वस्त आणि रणांगणावर दुरुस्त करण्याजोगी होती. मात्र पुढचा एक्सल जोडलेला असताना गाडी कोरड्या रस्त्यावर न्यायची नाही, हा नियम चालकाने पाळायचा होता. ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीने एप्रिल १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आणलेल्या पहिल्या लँड रोव्हरने मधला मार्ग शोधून पाहिला. तिची चारही चाके कायम जोडलेली असत, परंतु पुढच्या चाकांना वळणावर अधिक वेगाने फिरता यावे म्हणून त्यांच्या वाटेत सायकलच्या मागच्या चाकात असते तशी एकेरी फिरकी बसवलेली होती, आणि ती अडकवून ठेवण्यासाठी चालकाच्या पायाजवळ ओढायची एक कडी दिलेली होती. ही व्यवस्था दोनच वर्षांत सोडून रोव्हरनेही जीपसारखी पार्ट-टाइम पद्धत स्वीकारली.

मधल्या डिफरन्शियलचे पुनरागमन १९६० च्या दशकात झाले आणि त्यामागे शेतीच्या ट्रॅक्टरमुळे जगभर नाव झालेल्या हॅरी फर्ग्युसन यांचा मोठा वाटा होता. चारही चाके कायम चालणारी मोटार पक्क्या रस्त्यावरही अधिक सुरक्षित असते, या मताने फर्ग्युसन यांनी स्वतंत्र संशोधनसंस्था चालवली. १९६० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थेच्या पी९९ या शर्यतीच्या गाडीने स्टर्लिंग मॉस यांच्या हाती ओल्टन पार्कची गोल्ड कप शर्यत जिंकली, आणि १९६६ मध्ये याच पद्धतीवर आधारलेली जेन्सन एफएफ ही मोटार विक्रीस आली. जेन्सनच्या केवळ ३२० गाड्या तयार झाल्या, तरी मधले डिफरन्शियल ही केवळ चिखलातली गरज नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

जून १९७० मध्ये दाखल झालेल्या रेंज रोव्हरने शेतावरची गाडी आणि महामार्गावरची गाडी यांची सांगड घातली. स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड यांनी तिची आखणी केली, तेव्हा साडेतीन लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनाचे सारे बळ एकट्या मागच्या एक्सलवर टाकल्यास तो एक्सल अवजड करावा लागला असता. ते बळ कायम दोन एक्सलांत वाटणे अधिक सोयीचे ठरले, आणि कायम वाटप म्हणजे मधले डिफरन्शियल अपरिहार्य झाले. त्याचा लॉक इंजिनाच्या निर्वात ओढीवर चालत असे आणि चालकाजवळ त्यासाठी एक छोटा स्विच दिलेला होता. लॉक लागल्याची खूण म्हणून दिवा लागे. अनेक दशके जो निर्णय जड लिव्हरने घ्यावा लागत होता तो आता एका बोटाने घेता येऊ लागला, आणि स्विच व सूचक दिवा ही जोडी पुढील अनेक गाड्यांचा नमुना ठरली.

इतरांनी याच प्रश्नाची दिलेली उत्तरे त्या त्या कारखान्याचा चालकाविषयीचा ग्रह दाखवतात. १९७३ सालच्या मॉडेलांपासून अमेरिकी जीप वॅगनीअरला मिळालेल्या क्वाड्रा-ट्रॅक यंत्रणेत मधले डिफरन्शियल घर्षणाच्या साह्याने आपोआप काही प्रमाणात अडकत असे. पूर्ण लॉक करण्याचा खटका मात्र डॅशबोर्डावर न ठेवता ग्लोव्ह बॉक्सच्या आत ठेवलेला होता आणि त्याला आणीबाणीची सोय असे नाव दिलेले होते. याउलट सोव्हिएत रशियातील तोल्यात्ती येथे १९७७ पासून तयार होऊ लागलेल्या लाडा निवात कायम चालणारी चार चाके, मधले डिफरन्शियल आणि ते लॉक करणारा स्वतंत्र लिव्हर हे सर्व चालकाच्या हाताशी होते. ती गाडी दुर्गम खेड्यांतील लोकांसाठी होती आणि तिथे लॉकची गरज रोजची मानलेली होती. १९८० च्या मार्चमध्ये जिनिव्हात सादर झालेल्या आउडी क्वाट्रोने गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून शक्ती पुढे नेऊन मधले डिफरन्शियल अतिशय थोड्या जागेत बसवले, आणि सुरुवातीच्या गाड्यांत मधले व मागचे ही दोन्ही डिफरन्शियल चालकालाच लॉक करावी लागत.

१९८० च्या दशकात वाऱ्याची दिशा बदलली. फर्ग्युसन परंपरेतूनच पुढे आलेल्या व्हिस्कस कपलिंगमध्ये दाट सिलिकोन द्रवात एकाआड एक तबकड्या फिरतात; एक एक्सल दुसऱ्यापेक्षा फार वेगाने फिरू लागला की द्रवाचा रोध वाढून दोन्ही बाजू जवळजवळ जोडल्या जातात. अमेरिकन मोटर्सच्या ईगल या गाडीत १९८० च्या सुमारास हे कपलिंग आले आणि त्या दशकाच्या अखेरीस रेंज रोव्हरनेही चालकाचा स्विच काढून त्याचा स्वीकार केला. अमेरिकी संशोधक व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये पेटंट घेतलेले टॉर्सन डिफरन्शियल मळसूत्री गिअरांच्या परस्पर घर्षणाने पीळबल अधिक पकड असलेल्या बाजूकडे वळवते. आउडीने १९८६-८७ पासून तेच मधोमध बसवले आणि मधला लॉक रद्द केला. याला आणखी एक कारण होते. ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा प्रत्येक चाकाची गती स्वतंत्रपणे मोजते आणि आवरते. मधला लॉक लागला की पुढचे व मागचे शाफ्ट एकत्र फिरतात आणि तो स्वतंत्रपणा उरत नाही. म्हणून अनेक गाड्यांत लॉक लावताच एबीएस बंद करावे लागे. सामान्य ग्राहक लॉक लावून महामार्गावर निघाला तर काय, या चिंतेपोटी स्विचच न देणे कारखान्यांना अधिक सुरक्षित वाटू लागले.

स्विच नंतर बसवून घेण्याची प्रथा याच टप्प्यावर सुरू झाली, आणि तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९० मध्ये विक्रीस आलेली टोयोटा लँड क्रूझरची ८० मालिका. या मालिकेच्या कायम चार चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मधल्या डिफरन्शियलचा लॉक ट्रान्स्फर केसवरील एका छोट्या विद्युत मोटरने लागतो. ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला, शक्ती दोन एक्सलांकडे वळवणारा आणि अतिमंद गतीसाठी लो रेंज देणारा दुसरा गिअरबॉक्स. अनेक देशांतील गाड्यांच्या डॅशबोर्डावर या लॉकचा स्विच होता. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत तो नव्हता आणि लो रेंज लावली की लॉक आपोआप लागे. त्यामुळे अमेरिकी मालकाला नेहमीच्या हाय रेंजमध्ये, उदाहरणार्थ बर्फाळ घाटात किंवा वेगाने पार करायच्या वाळूत, लॉक लावता येत नसे. आणि लो रेंजमध्ये, उदाहरणार्थ कठीण खडकावर अरुंद वळण घेताना, तो काढता येत नसे. पण मोटर, लॉक लागला की नाही हे ओळखणारा संवेदक आणि सूचक दिवा हे सर्व गाडीत होतेच. डॅशबोर्डावरील एका कोऱ्या झाकणाच्या मागे स्विचसाठीचे वायरिंगदेखील तयार होते, म्हणून मालक परदेशी बाजारासाठी बनवलेला कंपनीचाच स्विच मागवून तिथे जोडू लागले. लॉकच्या नियंत्रक रिलेच्या सातव्या पिनेची तार तोडली की लो रेंजमधली आपोआप लागण्याची सक्तीही सुटते, हे कळल्यावर ती सुधारणा पिनेच्या क्रमांकानेच ओळखली जाऊ लागली. गाडीत नवे काही घालण्यापेक्षा मुळात असलेल्या यंत्रणेपर्यंत चालकाचा हात पोहोचवणे, हे या कामाचे खरे स्वरूप होते.

१९९८ मध्ये आलेल्या लँड रोव्हर डिस्कव्हरीच्या दुसऱ्या पिढीत हीच गोष्ट अधिक ठळकपणे घडली. तिच्यात घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून बळ दुसऱ्या चाकाकडे वळवणारी विद्युत नियंत्रित यंत्रणा होती, आणि तिच्या भरवशावर मधल्या लॉकचा लिव्हर काढून टाकण्यात आला. ट्रान्स्फर केसच्या आतला लॉक मात्र सुरुवातीच्या वर्षांत तसाच बनवला जात होता, केवळ त्याला हलवणारी दांडी जोडलेली नव्हती. त्यामुळे काही मालक गाडीखाली जाऊन पान्याने लॉकची खुंटी फिरवत, तर काहींनी जुन्या डिस्कव्हरीचे लिव्हर आणि दांड्या बसवून घेतल्या. २००१ च्या मध्यानंतर कंपनीने आतला लॉकही काढला. मग केवळ दांडी पुरेना आणि ट्रान्स्फर केसचे भाग बदलण्याची वेळ आली. ब्रेकवर चालणाऱ्या यंत्रणेची मर्यादा यांत्रिक होती : ती चाक घसरल्यावरच जागी होते आणि दीर्घ चढणीवर ब्रेक तापतात, तर लॉक चाक घसरण्यापूर्वीच बळ वाटून ठेवतो. शेवटच्या, २००४ सालच्या गाड्यांत कंपनीने लॉक आणि त्याचा लिव्हर परत दिला. त्याच वर्षी आलेल्या डिस्कव्हरीच्या तिसऱ्या पिढीत चालकाने चिखल, वाळू, खडक असा जमिनीचा प्रकार एका गोल खटक्याने निवडायचा आणि मधला लॉक केव्हा व किती लावायचा हे संगणकाने ठरवायचे, अशी तडजोड करण्यात आली.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी असलेला संबंध वेगळ्या वळणाचा आहे. मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी सुरू केल्यापासून ते नाशिकला बनणाऱ्या थारपर्यंत येथील परंपरा पार्ट-टाइम पद्धतीची आहे, आणि त्या गाड्यांत मधले डिफरन्शियलच नसल्याने मधल्या लॉकचा प्रश्न उद्भवत नाही. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात चालकाच्या हाती असलेले लॉक आहेत, पण ते पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले. डिफरन्शियल लॉक ही कल्पना येथील शेतकऱ्याला मोटारीपेक्षा ट्रॅक्टरमुळे अधिक परिचित आहे. ओल्या रानात एक चाक रुतले की पायाशी असलेला लॉकचा पेडल दाबायचा आणि वळण्यापूर्वी सोडायचा, हा नियम त्याला ठाऊक असतो. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यानंतर, आणि पुढे पुण्यात त्या गाड्यांची जुळणी सुरू झाल्यानंतर, रेंज रोव्हरची परंपरा मुंबईत मुख्यालय असलेल्या उद्योगसमूहाकडे आली.

लॉक वापरण्याचे नियम सर्व गाड्यांत जवळजवळ सारखे आहेत आणि स्विच नव्याने बसवणाऱ्याला ते टाळता येत नाहीत. गाडी उभी किंवा अगदी मंद असताना, चाके सरळ ठेवून आणि कोणतेही चाक घसरत नसताना लॉक लावायचा. पकड असलेल्या रस्त्यावर येताच तो काढायचा. आणि काढल्यावरही सूचक दिवा विझला नाही, तर शाफ्टांत उरलेला पीळ सुटावा म्हणून गाडी थोडी मागे घ्यायची. स्विच बसवून सूचक दिवा न जोडणे हा त्यामुळे अर्धवट आणि धोक्याचा उद्योग ठरतो, कारण लॉक लागला आहे की नाही हे न कळणारा चालक तो डांबरावर तसाच लावून ठेवण्याची शक्यता असते. एबीएस असलेल्या गाडीत लॉकच्या काळात ब्रेकचे वर्तन बदलते, हेही त्याने जाणून घ्यावे लागते.

एकंदर पाहता स्वयंचलित यंत्रणांनी मधल्या लॉकला हद्दपार केले, हे विधान इतिहासाला धरून नाही. व्हिस्कस कपलिंग, टॉर्सन आणि ब्रेकवर चालणारी नियंत्रणे यांनी पक्क्या रस्त्यावरील चालकाची जबाबदारी हलकी केली, परंतु चाक अधांतरी राहण्याच्या प्रसंगाला त्यांच्यापैकी एकीलाही पूर्ण उत्तर देता आले नाही. म्हणूनच टोयोटाने २००७ च्या लँड क्रूझर २०० मालिकेत टॉर्सन बसवूनही त्याच्यासोबत मधल्या लॉकचा स्विच ठेवला. ज्या कारखान्यांनी दोन्ही सोयी एकत्र दिल्या, त्यांच्या गाड्यांत मालकांना तारा जोडत बसावे लागले नाही. जिथे सोय यंत्रात होती पण हाताशी नव्हती, तिथे चालकांनी ती परत मिळवली, आणि या प्रश्नावरचा त्यांचा निवाडा पुढे खुद्द कारखान्यांनीही मान्य केला.